राखेतलं पाऊल

कस्तुरानं मेडशीच्या माहेरून बैलांच्या दमणीत आणलेलं मांजरीचं पिल्लू चुलीजवळच्या घमेल्यात, राखेतच शी करायचं. "घरात घाण दिसली तं पिल्लू विहिरीत फेकीन," सासूनं दम भरला. मग कस्तुरानं घमेलं रोज थोडंथोडं सरकवत अंगणात नेलं. पिल्लू बाहेरची माती उकरायला शिकलं, आणि त्याच आठवड्यात सासू वारली. म्हातारी कोणत्या जन्माला गेली हे पाहायला भावकीनं तिच्या अंथरुणाच्या जागी राख पसरली. सकाळी राखेत मांजराची पावलं होती. कडेचा उकरून बुजवलेला खड्डा कस्तुरालाच ओळखू आला. ती तोंड उघडणार, तोच नवऱ्यानं पिल्लापुढं डोकं टेकलं. "माय परत आली! आता ही उंबऱ्याबाहेर गेली, तं तू बी गेली समज." त्यानं पिल्लासाठी आईचं अंथरूण घातलं. पिल्लू त्यावर बसून कस्तुराकडं रोखून पाहू लागलं. तिनं नकळत पदर कपाळापर्यंत ओढला.