तरंगणारा गिअर

स्वरूप हे कारखान्याच्या रजिस्टरात लिहिणारच नव्हता. परवा नायलॉनच्या गिअरचा दाता उडून मशीन चालवणाऱ्या भीमरत्नच्या डोळ्याखाली घुसला. "ह्यानंच मशीन दामटलं," म्हणत साहेबांनी त्यालाच घरी बसवलं. गिअर स्वरूपनं आणलेले, आपल्या गुंजी गावच्या गुंडूआप्पांच्या दुकानातनं. बॅच नंबर, कंपनीचा कागद मागितला नव्हता; गावच्याच माणसाकडं पुरावा कसा मागायचा? वर 'माल तपासला' म्हणून सही ठोकली. आज त्यानं उरलेला गिअर पाण्याच्या बादलीत सोडला. नायलॉन बुडतं. हा बुचासारखा तरंगला, म्हणजे माल नकली. "पोहायला शिकवालास व्हय रं त्याला?" दारात गालाला पट्टी लावलेला भीमरत्न उभा. "भीमा, चूक तुझी न्हाय. मी न तपासताच सही केलती." "गप बस. तुझी नोकरी जाईल की." स्वरूपनं रजिस्टर उघडून सगळं लिहिलं. गिअरसकट बादली उचलली. "चल. सायबानं तुला कामावर परत घेतल्याशिवाय मी केबिनमधनं हलत न्हाय."