गाईचा वाटा

गुरांच्या डॉक्टरने गाईच्या पोटावरचा हात काढला आणि बादलीत धुतला.

"काका, दूध कमी झालंय खरं, पण गाईला आजार काही नाही. गाय उपाशी आहे."

"उपाशी? माझ्या गोठ्यात?" सासरे उसळले. "अहो, व्याल्यापासून रोज सकाळी मी स्वतः धान्य मापून काढतो. तीन मापं धान्य, त्यात मुठीएवढा गूळ. ते चुलीवर शिजवायचं, वरून पेंड घालायची, की झालं आंबोण. एवढं तर मी जावयालासुद्धा कधी वाढलं नाही!"

"मग ते तिच्या पोटात जात नाही. दूध काय हवेतून येतं?"

गाईचं दावं धरून त्यांचा मुलगा उभा होता. आडव्या हाडाचा, दारातून वाकूनच आत येणारा. बापापुढे मात्र त्याची मान नेहमी खालीच असायची. गोठ्याच्या उंबऱ्यावर त्याची बायको तान्ह्या मुलीला पाजत बसली होती.

गाय आणि सून एकाच आठवड्यात मोकळ्या झाल्या होत्या. गाईच्या वाट्याला आंबोण आलं, सुनेच्या वाट्याला उपदेश. "अंगावर पाजणाऱ्या बाईने हलकं खावं. जड खाल्लं की पोराला बाधतं," सासऱ्यांनी बजावलं होतं. हलकं म्हणजे सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते. कधी शिळा तुकडा, कधी भांड्याची खरवड. पहिला महिनाभर पोर ओढून ओढून थकायची आणि रडत झोपायची.

डॉक्टरची नजर त्या मुलीवर गेली. मनगटांना वळ्या पडलेल्या, गाल वर आलेले.

"हिने मात्र छान बाळसं धरलंय," तो सहज बोलून गेला.

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. मग गोठ्याच्या कोपऱ्यातल्या चुलीवरच्या आंबोणाच्या घमेल्याकडे.

"आंबोण कोण शिजवतं?"

"मी," सून म्हणाली.

"आणि खातं कोण?"

तिने मुलीला खांद्यावर घेतलं आणि ती उठून उभी राहिली.

"निम्मं मी खाते. पेंड घालायच्या आधी काढून घेते."

"मुक्या जनावराच्या तोंडचा घास! लाज नाही वाटली?"

"वाटली की. गाईची वाटली. तुमची नाही वाटली, मामंजी."

डॉक्टर आपली पिशवी आवरू लागला.

"बोचकं बांध!" सासरे ओरडले. "आजच्या आज माहेरी चालती हो. चोर ती चोर, वर शिरजोर!" ते मुलाकडे वळले. "अरे, तुझ्या आईनेही याच घरात बाळंतपण काढलं. उरलंसुरलं खाल्लं, कधी घासभर जास्त मागितलं नाही. तरी तुझ्यासारखा वाघ वाढवलाच ना तिने?"

सासू शेणाची पाटी घेऊन मागच्या दारात उभी होती. या घरात तिला कोणी काही विचारलं, तर उत्तर नवराच द्यायचा. तिने पाटी खाली ठेवली. हात स्वच्छ धुतले. आत जाऊन ताट आणलं, घमेल्यातलं वाफाळतं धान्य त्यात काढलं आणि सुनेपुढे धरलं.

"बस. सगळ्यांदेखत खा. पोरीला दे इकडे."

"अगं, ते माझं ताट आहे!"

"दिसतंय मला. उद्यापासून दोघींचं मापा. गाईचं वेगळं, हिचं वेगळं. आणि हिला घालवायचं असेल, तर माझंही बोचकं बांधते. मग बसा एकटे गाय पिळत."

"म्हणजे तुला हे ठाऊक होतं?"

"मीच शिकवलं तिला."

नात तिच्या कडेवर होती. मोकळा हात तिने मुलाच्या रुंद पाठीवर ठेवला.

"अहो, हा झाला त्या साली तुम्ही तांबडी गाय विकलीत ना, आटली म्हणून? ती आटली नव्हती. तिचं आंबोण मी खात होते."