मुठीतलं मीठ

गिरगावातून गोडदेवच्या नव्या ब्लॉकमध्ये आल्यापासून पाच वर्षांची रसिका अंथरूण ओलं करू लागली होती. नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी, त्यात रोजची चादर. तिची आई नीलिमा रडकुंडीला आली होती.

शेजारच्या जिजाबाईंनी मिठागरातलं खडं मीठ आणून दिलं. "पोरीला नजर लागलीय, दुसरं काय न्हाय. तिन्हीसांजेला काढून टाक."

संध्याकाळी नीलिमाने रसिकाला पाटावर बसवलं, मुठीत मीठ-मोहरी घेतली आणि हात वर केला. रसिकाने डोळे गच्च मिटून दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"हात खाली घे गं. आत्ता मारत नाहीये, दृष्ट काढतेय."

"म्हणजे काय?"

"ज्यांच्यामुळे तुला त्रास होतो ना, त्यांची नावं घ्यायची. मग त्रास जातो." नीलिमा मूठ ओवाळत पुटपुटू लागली, "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची, भुताखेतांची, सगळ्यांची दृष्ट जळून जाऊ दे." शेवटी तिने मूठ जमिनीला टेकवली आणि गॅसकडे जायला उठली.

रसिकाने तिचा पदर धरला.

"आई, तुझं नाव राहिलं."