पंख कसे ठेवलेत?

"नाव मी सांगणार नाही. काय दिसतंय ते तुम्ही मला सांगा," बाई म्हणाल्या.

तळ्याच्या काठावर आठ-दहा जण उन्हात उभे होते. चतुर ओळखायला शिकायचं म्हणून रविवारची झोप मोडून आलेली हौशी मंडळी. शिंपीकाका गुडघ्यावर हात ठेवून गवताच्या एका काडीकडे वाकले.

"निळा आहे. पण कसा, धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखा."

"वा! आणि पंख कसे ठेवलेत?"

"दोन्ही बाजूंना पसरून."

"मग हा चतुर. पंख पाठीवर मिटून बसला असता तर टाचणी, चतुराची बारीक बहीण. डोळे?"

"हे मोठ्ठे! एकमेकांना चिकटलेत."

"झालं तर मग. नर आहे हा, याची मादी पिवळी असते. आता हलू नका. उडाला तरी परत त्याच काडीवर येईल."

तो उडाला आणि खरंच त्याच काडीवर येऊन बसला. मंडळी खूश. शिकवावं तर बाईंनीच, असं कुणीतरी म्हणालं.

शिकवणं कसलं डोंबलाचं! बाईंना ना काडी दिसत होती, ना चतुर. नजरेच्या मधोमध एक करडा डाग बसला होता आणि तो हळूहळू हातपाय पसरत होता. कडेकडेने पायवाट कळायची, माणसांचे आकार कळायचे, तेवढ्यावर त्या निभावून नेत होत्या. लोकांनी सांगायचं, बाईंनी ओळखायचं. अजून एकदाही चूक झाली नव्हती, पण या सोंगाचा त्यांना वीट आला होता. घरी गेल्यावर पाय नाही, चेहरा दुखायचा.

त्यात आज सून बरोबर आली होती. मलाही बघायचेत चतुर, म्हणाली. बाई काय दुधखुळ्या होत्या? मुलाने पाठवलं होतं तिला. आईला दिसत नसेल तर हे तळ्याकाठी हिंडणं बंद, असं तो परवाच जेवताना म्हणाला होता. बंद म्हणजे मग खिडकीजवळची खुर्ची, रेडिओ, आणि दिवसातून दहादा "आई, काही हवंय का?"

"सूनबाई, तुम्ही काहीच बोलला नाहीत," शिंपीकाका म्हणाले.

सून आठवडाभर कचेरीत आणि उरलेला वेळ ओट्याशी उभी असायची. तिला खरं तर आज झोपायचं होतं. तिने पाण्याजवळच्या सिमेंटच्या खांबाकडे बोट केलं.

"त्या खांबावर एक आहे, आई. हिरवी. पंख मिटलेत तिने."

बाईंनी खांबाकडे तोंड वळवलं. "छान. म्हणजे टाचणी. आणि डोळे?"

"मोठे. एकमेकांना चिकटलेले."

बाईंची डोलणारी मान थांबली. मिटलेले पंख आणि चिकटलेले डोळे, अशी जोडी त्यांनी कुठल्याच तळ्यावर पाहिली नव्हती. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात. सून बघून सांगत नव्हती, मनाने रचत होती. आणि आपण सगळ्यांदेखत एका रिकाम्या खांबाकडे बघून मान डोलावली.

"कुठाय हो? खांब तर मोकळाच दिसतोय," शिंपीकाका म्हणाले.

सुनेने सासूकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"उडाली," सून घाईने म्हणाली. "आत्ताच उडाली."

मंडळी पांगली. दोघी फाटकाच्या दिशेने निघाल्या.

"नव्हतं ना तिथे काही?" बाईंनी विचारलं.

"नव्हतं. चुकलंच माझं, आई. मला वाटलं, तुम्ही हसाल. म्हणाल, काय थापा मारतेस."

"हसले असते गं. दिसलं असतं तर."

"कधीपासून असं?"

"झाले पुष्कळ दिवस. आता सांगून टाक त्याला काय ते. मी दमले."

तेवढ्यात सुनेचा फोन वाजलाच. पलीकडून मुलगा बोलत होता आणि त्याचा शब्द न् शब्द बाईंना ऐकू येत होता. कानांना काही झालं नव्हतं.

"काय गं, दिसतं का आईला?"

"नाही दिसत."

बाई जागच्या जागी थांबल्या. संपलं सगळं, त्यांना वाटलं.

"मला वाटलंच होतं. आजपासून तिचं हे..."

"काही बंद करायचं नाही," सून म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, चढवायला अंगात त्राणच नव्हतं. "दर रविवारी मी येणार आहे त्यांच्याबरोबर. काय दिसतंय ते सांगायला. सकाळचा स्वयंपाक तू बघ."

"अगं, पण मला कुठे येतो स्वयंपाक?"

"मला तरी कुठे चतुर ओळखता येतात?"

तिने फोन पर्समध्ये टाकला. बाईंना हसू आलं. त्यांनी चाचपडत सुनेचा दंड धरला.

"पुढे पायरी आहे, आई. ओली आहे जरा."

"बरं."

सकाळपासून ताणून उघडे ठेवलेले डोळे बाईंनी मिटून घेतले, आणि तशाच त्या चालू लागल्या.