वळणावरचा ठिपका

"नकाशावर तर तुमचं वळण अगदी स्वच्छ आहे, ताई," साहेब म्हणाले. रस्ते खात्यातले इंजिनियर. माणूस वाईट नव्हता, पण ठिपका दिसल्याशिवाय कुदळ उचलायची नाही, हा त्यांचा बाणा. एक अपघात, एक लाल ठिपका. ठिपक्यांची गर्दी दिसेल तिथे आधी काम. आणि सगळी गर्दी दवाखान्याच्या फाटकासमोर होती. तिथे गतिरोधक मंजूरसुद्धा झाले होते.

वळणावर गतिरोधक मागायला आलेली आई संगणकावरच्या नकाशाकडे बघत राहिली. "दवाखान्यासमोर कुणाला कशाला अपघात होईल? तिथे तर जीव वाचवायला नेतात."

तिच्यासोबत आलेल्या हवालदारांनी मान खाली घातली. "चूक माझी आहे, साहेब. मोबाईलवर माहिती जिथे उभं राहून भरू, तिथेच ठिपका पडतो. वळणावर ह्यांचं पोरगं ट्रकच्या धडकेने रक्ताच्या थारोळ्यात पडलेलं. मोबाईल काढू, की त्याला उचलू? दर वेळी हेच झालं. आधी दवाखाना गाठायचा, मग तिथल्या बाकावर बसून माहिती भरायची."

साहेबांनी फाटकासमोरचे ठिपके एकेक करून मोजले.

आईला हवालदारांचा राग आला नाही. त्यांनी उचललं म्हणून तर लेक तिच्याशी दोन शब्द बोलला होता. त्याच फाटकापाशी, स्ट्रेचरवर. "आई, सायकल मोडली गं. रागावू नकोस."

"ठिपका हलवता येतो," साहेब हळूच म्हणाले. "नातेवाइकांनी समोर बसून जागा दाखवायची. बाकीच्या अपघातग्रस्तांच्या घरच्यांनाही बोलावतो. वळणावर ठिपके आले की काम तिकडे नेता येईल."

फाटकापाशी लेक अजून जिवंत होता. तिथून वळणावर न्यायचं, म्हणजे पुन्हा त्या ट्रकपुढेच न्यायचं. पण धाकटी रोज त्याच वळणावरून शाळेला जात होती.

"तुम्हीच न्या. माझा हात धजत नाही," ती म्हणाली.

साहेबांनी माउस धरला. ठिपका दवाखान्यापासून उलटा निघाला. बाजार गेला, पूल गेला, शाळा मागे पडली. वळण जवळ आलं तशी आईने साहेबांची बाही घट्ट पकडली.

"इथे जरा हळू न्या हो," ती म्हणाली. "पुढचं काही दिसत नाही इथे."