अंगठ्यापुरती जागा

मोफत कायदेशीर मदतीच्या खोलीत वकिलाने अर्जाचं शेवटचं पान तिच्यापुढे सरकवलं आणि मान वर न करताच शाईच्या डबीचं झाकण उघडलं. कपडे शिवून पोट भरणाऱ्या विधवेला एवढं सौजन्य पुरे, असा त्याचा हिशेब. दिराने घर सोडायची नोटीस दिली होती. आज अर्ज दाखल झाला नाही, तर उद्या तिचं शिलाई मशीन रस्त्यावर येणार होतं.

"अंगठा उठवा, मावशी. मागे रांग आहे."

तिने चष्मा लावला, त्याच्यापुढची बाकीची पानंही ओढून पहिल्यापासून लावली आणि उसवलेली शिवण शोधावी तसं एकेका ओळीवरून बोट फिरवू लागली.

"अहो, फुकटच्या अर्जात एवढं काय निवडताय? मेथी आहे का ती?"

तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"'सुनेला घरातून तत्काळ बाहेर काढावे.' वकीलसाहेब, त्या घराची सून मीच आहे."

त्याने पान ओढून घेतलं. गेल्या आठवड्यातल्या कुणा सासऱ्याचा अर्ज होता. नावं तेवढी बदलली होती.

"नवा लिहा," ती म्हणाली. "मी इथून हलत नाही."

त्याने शाईच्या डबीचं झाकण लावलं आणि फसवल्या गेलेल्या माणसाच्या नजरेने तिच्याकडे पाहिलं.

"वाचता येतं, हे आधी सांगायचं ना, बाई! मग पहिल्यांदाच नीट लिहिला असता."