डाव्या हाताची सोय

जांबे गावातल्या माझ्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या शेखरनं बायकोची उजव्या हाताची बोटं चौकटीत दाबून धरली आणि दार लोटलं. जान्हवीची किंकाळी खाली माझ्या ओट्यापर्यंत आली.

तिसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी ताट घेऊन वर गेले, तर प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून ती कॉम्प्युटरसमोर बसलेली. मुलांच्या पुस्तकांतली चित्रं ती तारेनं जोडलेल्या एका काळ्या पाटीवर काढते.

"अगं, हात मोडलाय नव्हं तुझा?"

"आजी, या पाटीची कॉम्प्युटरमध्ये एक फाईल असते. तिच्यात शून्य पुसून एक लिहिला, की पाटी डावखुऱ्यांची होते. हे बघा!" तिनं डाव्या हातानं वाकडीतिकडी रेघ ओढली आणि हसली. "काम अडत नाही. तोही आता शांत झालाय. उगाच पोलीस कशाला?"

मी ताट खाली ठेवलं.

"नवऱ्यानं उजवा मोडला तवा मी बी आशीच डाव्या हातानं भाकरी थापाया शिकले व्हते, पोरी. सासूनं गावभर कौतुक केलं."

"बघा! मग?"

"मग त्यानं डावा मोडला."